चाळीस पावलं पूर्वेला

आमच्या भागात कुठेही फिरा, ‘इथली पहिली शाळा’, ‘इथला पहिला पूल’ असं कोरलेला दगड रस्त्याकडेला दिसेलच. त्यातला एकूण एक दगड आमच्या ह्यांनी कोरलाय. अक्षर बघावं तर ह्यांचं! बाकी माणूस तोंडातून शब्द काढेल तर शपथ. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात माझ्यापेक्षा दगडांशीच जास्त बोलले असतील.

गेल्या महिन्यात रस्ता रुंद करायची सभा भरली. इंजिनिअर म्हणाला, “पहिल्या विहिरीच्या दगडाला धक्का लावणार नाही. रस्ता पूर्वेकडून नेऊ.” लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि आमचे हे उठून उभे राहिले.

“विहीर दगडाखाली नाहीच. पूर्वेला आहे, चाळीस पावलांवर. तुमच्या रस्त्याखाली जाईल ती.”

“मग दगड चुकीच्या जागी बसवला कोणी?”

“मीच.”

मी ह्यांचा सदरा ओढत होते. जन्मभर कमावलेलं नाव हा माणूस चारचौघांत मातीत घालायला निघाला होता! पण हे कसले थांबतात?

“विहीर बुजवलेली. आत सगळा राडारोडा, दगड उभाच राहीना. सकाळी उद्घाटन. तेव्हाचे साहेब म्हणाले, रोव कुठेही, कोण बघतंय! मी रोवला.”

“पण काका, पुरावा?”

“दगड उपटा.”

दुसऱ्या दिवशी अख्खं गाव जमलं. मी देवाचं नाव घेत उभी. दगडाचा जमिनीत जाणारा भाग कोणी घडवत नाही, ओबडधोबडच ठेवतात. ह्याचा मात्र घासून गुळगुळीत केलेला, आणि त्यावर ह्यांचंच अक्षर: ‘खरी विहीर पूर्वेला चाळीस पावलं. चूक माझी.’ खाली छत्तीस वर्षांपूर्वीची तारीख.

पूर्वेला खणलं, तर कमरेइतक्या खोलीवर विहिरीचं गोल बांधकाम लागलं. इंजिनिअरने रस्ता पलीकडे सरकवला. “नवा दगडही तुम्हीच कोरायचा, काका,” म्हणाला.

मला तिथेच रडू फुटलं. घरी आल्यावर मात्र ह्यांना चांगलंच फैलावर घेतलं. “छत्तीस वर्षं! मला तरी सांगायचं होतंत!”

“तू गावभर केलं असतंस.”

आता खरं ते खरं!

काल नवा दगड तयार झाला. मी विचारलं, “आणि खाली काय कोरलंत?”

“तूच बघ.”

मी वाकून हात फिरवला. खालचा भाग ओबडधोबड होता.