गळ्यातली गाठ

"पाणी पेलं का गा?"

हिंगण्याला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये कोणीही चढलं की भाऊंचा हा पहिला प्रश्न, आणि उत्तराआधीच बाटली पुढे. मुतखड्याने त्यांना दोनदा लोळवलं, तेव्हापासून अख्ख्या बसच्या किडन्या त्यांनी अंगावर घेतल्या होत्या. आम्ही म्हणायचो, "भाऊ, तुमचं घर हुडकेश्वरला, पण पोटात गिट्टीखदान." नागपुरातल्या या वस्तीचं नाव निघालं की सगळ्यांत मोठ्याने तेच हसत.

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल, ज्याच्या गोष्टी संपतच नाहीत. उतरायची वेळ आली की म्हणत, "उद्या इथूनच धरू."

मग ते हळूहळू गप्प होत गेले. बसमध्ये पेंगायचे. हातातला पाना कुठे ठेवला, ते आठवायचं नाही. रिटायरमेंट जवळ आली म्हणून असेल, असं आम्ही धरून चाललो. घरीही तेच. वहिनी मला म्हणाल्या, "मी बोलली तर भिंतीकडे पाहत राहतात. माह्यं काय चुकलं, समजून नाही राहिलं."

एका रविवारी पाण्याची बादली उचलताना भाऊंचं मनगट मोडलं. पडले नाहीत, घसरले नाहीत. हाडांच्या डॉक्टरांना ते खटकलं. त्यांनी रक्त तपासायला लावलं. रिपोर्ट दाखवायला मीच सोबत होतो.

"कॅल्शियम फार वाढलंय," डॉक्टर म्हणाले.

"वाढलं, तर हाड मोडलं काहून?" मी विचारलं.

"ते हाडांतूनच रक्तात येतंय, म्हणून. खडेही त्याचेच असावेत."

त्यांनी ग्रंथींच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. तिथे वहिनीही सोबत होत्या. बाईंनी समजावून सांगितलं. गळ्यात थायरॉईडच्या मागे चार चिमुकल्या पॅराथायरॉईड ग्रंथी असतात. रक्तात कॅल्शियम वाढलं की त्यांचं हार्मोन उतरायला हवं. भाऊंचं उलट चढलेलं होतं. मग स्कॅन झाला, त्यात डावीकडच्या एका ग्रंथीत गाठ दिसली.

गाठ म्हणताच वहिनींनी पदर तोंडाशी नेला.

"अशी गाठ बहुतेक वेळा कॅन्सरची नसते," बाई म्हणाल्या. "ऑपरेशन करून काढता येते."

"हे बोलत नाहीत, ते याच्यामुळंच का?"

"असू शकतं. सुस्ती, उदासी, विसरणं, सगळं यात येतं."

वहिनींनी तोंडाशी नेलेला पदर खाली सोडला. मग म्हणाल्या, "मले वाटलं, याईचं मन उडालं माह्यावरून."

भाऊंनी प्लास्टर नसलेला हात त्यांच्या हातावर ठेवला. "नाही वं," एवढंच म्हणाले.

ऑपरेशन नीट पार पडलं. निघालेली गाठ शेंगदाण्याएवढी होती. कॅल्शियम उतरलं. काही आठवड्यांनी भाऊ बसमध्ये परतले. आधी एखादं वाक्य, मग एखादा किस्सा, असे बोलू लागले.

आता रिटायर होऊन ते वहिनींसोबत कुही गावी राहतात. बस शांत असते.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी वहिनी हुडकेश्वरच्या थांब्यावर आल्या होत्या. भाऊंचा एक पाय अजून पायरीवर होता, तेवढ्यात त्यांनी काहीतरी सांगायला सुरुवात केली. बस निघाली. मागच्या काचेतून पाहिलं, तर भाऊंचे हात हवेत फिरत होते आणि वहिनी पिशवी खाली ठेवून ऐकत उभ्या होत्या.