ढावलोची डिस्क

पुसेगावच्या पुढे मुख्य रस्ता सोडून आत वळलं की बंजाऱ्यांचा एक तांडा लागतो. तिथला एक शेतकरी मी बातमीदारी करत होतो तेव्हापासूनच्या ओळखीचा. बंद पडलेला हातपंप, बिबट्या दिसल्याची अफवा, गारपीट असं काहीही झालं की तो फोन करायचा. त्याने सांगितलेलं सहसा दुरुस्त करावं लागत नसे. एकदा तो हळद घेऊन हिंगोलीच्या मोंढ्यात आला होता. बोली लागायला वेळ होता म्हणून घरी आला आणि खिशातून पेनड्राईव्ह काढून टेबलावर ठेवला.

“बहिणीच्या लग्नाचं शूटिंग आहे, सर. याडीला डीव्हीडी करून पाहिजे.” आईला ते याडी म्हणतात.

ही बहीण लग्नानंतर दुसऱ्या वर्षी सासरी कावीळ होऊन वारली होती.

लग्नाची डीव्हीडी त्यांच्या घरात होतीच. शूटिंग नवरदेवाकडच्यांनी ठरवलं होतं. आखाडा बाळापूरच्या फोटो स्टुडिओवाल्याने ते केलं आणि डिस्कही बनवून दिली. पण त्या डिस्कमध्ये ढावलो नव्हता. ढावलो म्हणजे निरोपाच्या वेळी नवरी एकेका नातेवाइकाच्या गळ्यात पडून रडत रडत जे गाते ते. त्यात काही ओळी चालत आलेल्या असतात, काही ती मुलगी त्या माणसासाठी तिथल्या तिथे जोडते. तांड्याबाहेरच्या स्टुडिओवाल्याला ते रडणंच वाटलं. त्याने मूळ आवाज बंद केला आणि वर सिनेमातलं पाठवणीचं गाणं चढवलं. पडद्यावर ओठ मुलीचे हलत होते आणि आवाज भलत्याच बाईचा येत होता.

“याडीच्या गळ्यात पडून ती काय म्हणली, ते याडीला आयकायचंय,” तो म्हणाला.

“त्यांनी तेव्हा ऐकलं असेल ना?”

“न्हाई ना. तवा याडीच एवढी रडून राहिली होती, एक शब्द तिच्या ध्यानात न्हाई. म्हणून तर स्टुडिओतून सगळं कच्चं शूटिंग आणलं.”

मोबाईलवर घालून दे, असं मी सुचवलं.

“मोबाईल दिवसभर माझ्यासंगं वावरात. अन् ती काय मला सांगती का, लाव म्हणून? डीव्हीडी तिची तिला लावता येते.”

त्यांचा टीव्ही जुना, पाठीमागे फुगीर. त्याला पेनड्राईव्ह लावायची सोय नव्हती. माझ्याकडे लॅपटॉपला बाहेरून जोडायचा डीव्हीडी रायटर होता. मी पेनड्राईव्हवरच्या फाईली रिकाम्या डिस्कवर उतरवल्या, डिस्क लॅपटॉपवर चालवून पाहिली आणि देऊन टाकली. संध्याकाळी त्याचा फोन आला.

“सर, प्लेअर म्हणून राहिला, डिस्क खराब. जिंदगी पेपरात काढली अन् एवढं बी जमंना?”

डिस्क खराब नव्हती. नवशिक्याची पहिली चूक तीच असते. डिस्कवर फाईल ठेवली म्हणजे डीव्हीडी होत नाही. कॉम्प्युटर ती फाईल उघडतो, पण टीव्हीजवळचा जुना प्लेअर फक्त स्वतःच्या रचनेतलं चित्र वाचतो. त्यासाठी आधी फाईल त्या रचनेत बदलून घ्यावी लागते. एखादं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर हे करतं. टीव्हीच्या पाल आणि एनटीएससी या दोन पद्धतींपैकी कोणती, असं ते विचारतं; आपल्याकडे पाल निवडायची. मग डिस्कवर दोन फोल्डर तयार होतात, एक चित्राचा आणि एक बहुधा रिकामाच. डिस्क सावकाश वेगात लिहायची आणि शेवटी ती बंद, म्हणजे फायनलाइज, करायला विसरायचं नाही. बंद न केलेली डिस्क लिहिणाऱ्या मशिनशिवाय बहुतेक कुठेच चालत नाही.

पेनड्राईव्हवर पुष्कळ तुकडे होते. कॅमेरा थांबवून पुन्हा चालू केला की नवी फाईल होते. मी त्यातले ढावलोचे निवडले, ओळीने लावले, जेवणाचे आणि वरातीचे वगळले. भाषा मला कळत नव्हती. मुलगी चुलत्याच्या गळ्यात पडली, मग मावशीच्या, मग भावाच्या. तुकडे संपले तिथे डिस्क संपवली आणि स्वतःच तांड्यावर घेऊन गेलो.

याडी जमिनीवर, टीव्हीच्या अगदी जवळ बसली. मुलीचा आवाज आला तशी तिने पदर तोंडावर धरला. भावाचं गाणं संपलं, पडदा निळा झाला. ती रिमोट हातात घेऊन थांबली. मग माझ्याकडे वळली.

“अन् माझं, दादा?”

“एवढंच होतं, मावशी. पुन्हा बघतो.”

“माझ्याकडं सगळ्यात शेवटी येते पोरगी. आमच्यात तसंच असतं. तुमी मधीच उठून गेलते का?” तिचा समज असा होता की शूटिंग मीच केलं. मुलाने तिला तिच्या भाषेत काहीतरी सांगितलं. रिमोट तिने खाली ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं आखाडा बाळापूरला गेलो. स्टुडिओवाल्याने कॉम्प्युटर उघडून दाखवला. सगळे तुकडे पेनड्राईव्हवर आलेले होते, त्याने काही राखून ठेवलं नव्हतं.

“नवरीचं आईला भेटणं काहून नाही घेतलं?” तांडेवाल्याने विचारलं.

“भाऊ, रडणं किती घेणार? तिघांचं घेतलं की. तिकडं वऱ्हाडाची शेवटची पंगत बसली होती. नवरदेवाचा मामा ओरडून राहिला, पंगत घे, पंगत घे. पंगतीत एखादा माणूस सुटला तर शिव्या कोण खाणार? तू?”

त्याच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. तो कामाच्या पैशाला जागला होता आणि त्याला काम देणारे नवरदेवाकडचे होते.

परतताना मोटारसायकल शेतकरी चालवत होता, मी मागे. त्याने विचारलं, “याडीला काय सांगायचं?” मी म्हणालो, अजून काही सांगू नको. पंगत जर त्याच वेळी चालू होती आणि कॅमेरा मांडवातच होता, तर कॅमेऱ्याचा माईक चालू असणार. वगळलेला तुकडा मी ऐकलाच नव्हता.

घरी येऊन तो हेडफोन लावून ऐकला. आधी भाऊ टॉवेलाने तोंड पुसत मांडवाच्या दुसऱ्या टोकाला जातो आणि कॅमेरा त्याच्या मागे. मग ओळीने बसलेली माणसं, पत्रावळी, बुंदी, वरण. आणि या सगळ्याच्या पाठीमागे, लांबून, मुलीचा आवाज. पंगत संपेपर्यंत तो होता. ती आईच्याच गळ्यात होती, दुसरं कोणी उरलं नव्हतं.

पण आवाज पुरा ऐकू येत नव्हता. त्यावर सतत एका माणसाचा आवाज येत होता. “घ्या पाव्हनं, लाजू नका. ह्या मामाला बुंदी वाढा. भात कोणाला, भात?” तो कोणाचा, हे ओळखायला मला वेळ लागला नाही. नवरीच्या भावाने वऱ्हाडाला आग्रह करकरून वाढायचं, ही रीतच आहे. तो कॅमेऱ्याच्या अगदी जवळ उभा होता.

मी चित्र तसंच ठेवून आवाज वाढवला, गडगड जमेल तेवढी कमी केली. त्याचा आवाज खाली घेतला की मुलीचाही खाली जायचा. दोन्ही एकाच माईकमधून आलेले, ते वेगळे होईनात. तशीच डिस्क केली आणि देण्याआधी फोनवर त्याला सांगितलं.  तो म्हणाला, “आणा. काहीबी असू द्या.”

याडीने ती डिस्क बघितली तेव्हा आम्ही दोघं दारापाशी बसलो होतो. पडद्यावर माणसं जेवत होती आणि ती कान टीव्हीच्या जाळीला लावून बसली होती. मधेच तिचे ओठ हलले. तिला एक ओळ सापडली असावी. तेवढ्यात “भात कोणाला, भात” आलं आणि तिने डोळे मिटले. मागे घेतलं, पुन्हा लावलं. पुन्हा त्याच जागी तोच आवाज.

मुलगा उठला. “याडी, मला काय ठावं होतं...”

तिने त्याच्याकडे न बघता सांगितलं, आणि ते मराठीत सांगितलं, म्हणजे मलाही कळावं असं तिला वाटलं असेल. “मग काय पाव्हन्यायला उपाशी ठेवणार होता? बस खाली.”

तो बसला नाही. बैलांना पाणी दाखवायचं राहिलं म्हणून बाहेर गेला. तिला किती ओळी मिळाल्या, काय मिळाल्या, हे मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

त्याने नंतर दोनदा फोन केला. आपला आवाज तेवढा काढता येईल का, नवीन काही निघालं का, असं विचारत होता. मी दोन-तीन ठिकाणी चौकशी केली. आवाज वेगळे करणारी सॉफ्टवेअर आता मिळतात. एकावर तो तुकडा घालून पाहिला. भाऊ गेला, पण त्याच्यासोबत मुलीचेही निम्मे शब्द गेले आणि उरलेला आवाज पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखा झाला. ती डिस्क मी दिली नाही.

मागच्या महिन्यात तांड्यावर जाणं झालं. तो वावरात होता. त्याची बायको चहा घेऊन आली आणि हळू आवाजात म्हणाली, सासूबाई रोज दुपारी ती पंगत लावतात. त्याच्या मोटारसायकलचा आवाज वळणावर आला की लगेच टीव्ही बंद करतात आणि रिमोट उशीखाली ठेवतात. त्याला ते समजलंय, पण आईला त्याने अजून तसं कळू दिलेलं नाही. हल्ली तो वळणावर यायच्या आधीच, लांबूनच हॉर्न वाजवतो.