न उठलेली बैठक

कारभारी कधी खुर्चीत बसले नाहीत आणि मी कधी खुर्चीवाचून बोललो नाही. मासवणच्या बाजूला ग्रामसेवक म्हणून लागलो तेव्हा पाड्यावर जाताना माझी लोखंडी घडीची खुर्ची शिपाई डोक्यावर घेऊन पुढे चाले. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, साहेब म्हणून तीच रुजू झालीय आणि मी तिच्या मागे फायली सांभाळतोय.

कारभारी म्हणजे त्या पाड्याचे म्हातारे प्रमुख. भांडण आलं की सगळे खळ्यावर उकिडवे बसत, तेही त्यांच्यातच. ते तंबाखू मळत ऐकत राहत आणि मधूनमधून एवढंच विचारत, "आजून कोन रायलाय?" कडेवर पोर घेतलेली एखाद्या घरची सूनही बोलल्याशिवाय निवाडा होत नसे. एकदा मी मनगटावरचं घड्याळ दाखवलं. म्हणाले, "सायेब, तुमी एकलेच बोलता, म्हनून तुमचं लवकर आटपतं."

माझं सगळं राज्य एका रबरी शिक्क्यावर चाले. एके दिवशी तोच नाहीसा झाला. दाखल्याला आलेली माणसं परत जाऊ लागली. मला तर त्यांचा रामरामही हळू ऐकू येऊ लागला. मी बसल्या जागी चोर ठरवला : कार्यालय झाडणारी सोमी, कारभाऱ्यांची सून. "उद्यापासून येऊ नकोस," म्हटलं. झाला निवाडा.

तिसऱ्या दिवशी शिक्का बोईसरला माझ्याच खोलीवर, डब्याच्या पिशवीत सापडला. घरमालकाला रुबाब दाखवायला मीच नेला होता. गुपचूप खणात ठेवून मी "मिळाला" एवढंच जाहीर केलं. सोमीनंच घाबरून आणून ठेवला, असं लोक समजले. मी समजू दिलं. बाजारात बायका तिला पाहून पिशव्या सावरू लागल्या.

कारभाऱ्यांनी बैठक बोलावली. सगळे बोलले. सोमी म्हणाली, "मी नाय घेतला." मग ते माझ्याकडे वळले.

"सायेब, तुमी रायलेत."

मी खुर्चीत आणखी ताठ झालो. "मला काही बोलायचं नाही."

"मंग निवाडा नाय. एक मानूस रायलाय, बैठक उठली नाय."

पुढे त्यांनी तो विषय कधी काढला नाही. माझी बदली झाली तेव्हा काकड्या घेऊन आले आणि उगाच थांबून राहिले. मी आभार मानले. ते आभारांसाठी थांबले नव्हते, हे कळण्याइतका मी हुशार होतो.

पंधरा-सोळा वर्षांनी ते गेल्याचं कळलं. दिवसांना गेलो. खळ्यावर माणसं एकेक करून त्यांच्याविषयी बोलत होती. शेवटी केस पिकलेल्या सोमीनं सगळ्यांवरून नजर फिरवली.

"आजून कोन रायलाय?"

मी मातीत उकिडवा बसलो होतो. गुडघे कुरकुरत होते. त्यांना सवय नव्हती.

"मी राहिलोय, सोमीताई. त्या शिक्क्याचं."

ती माझ्यासमोर येऊन उकिडवी बसली.

"मंग बोला," म्हणाली. "कोनी उठू नका रे."