शिक्षेच्या दिवशीचं पत्र

मी अकोल्याला वकिली शिकलो आणि अमरावतीला करतो. अकोल्याच्या माझ्या सिनियरांचा एक नियम होता: शिक्षेच्या दिवशी आरोपीनं देव सोबत आणावा. माणूस दोषी ठरला की शिक्षा सुनावण्याआधी कोर्ट त्याचं म्हणणं ऐकून घेतं. एरवी दारूच्या दुकानासमोर दिसणारा इसम त्या दिवशी गळ्यात तुळशीची माळ आणि कपाळाला बुक्का लावून येतो. हातात पत्र असतं, 'सदर व्यक्ती नियमित हरिपाठास येते.' सिनियर म्हणायचे, "कायद्यानं नाही सोडवलं तं देव तरी अर्धी शिक्षा उचलते." सगळे हसायचे, मीही हसायचो, पण आतून चिडायचो. आमच्या घरी छप्पन्नच्या धम्मदीक्षेपासून देव नाही. मग आमच्या लोकांनी काय आणायचं?

काही वर्षांपूर्वी ती संधी मला मिळाली, निदान मला तसं वाटलं. पक्षकार वलगावच्या पुढच्या एका गावचा, आमच्याच समाजाचा, मजुरी करणारा. नळावरच्या भांडणात त्यानं शेजाऱ्याला काठी हाणली आणि शेजाऱ्याचा हात मोडला. पहिल्याच भेटीत त्यानं मला सगळं सांगून टाकलं. "मारलं साहेब. राग आला, मारलं. मंग मीच त्याले ऑटोत टाकून दवाखान्यात नेलं."

मी म्हटलं, "हे कुठंही बोलायचं नाही. तू तिथं नव्हतासच."

साक्षीदाराला शपथ असते, वकिलाला नसते. उलटतपासणीत मी त्या शेजाऱ्याला अर्धा तास पिळला. हा इसम त्या दिवशी गावात नव्हताच, तुम्ही जुन्या वैरातून खोटं बोलताय, असं त्याला पुन्हा पुन्हा सुचवलं. तो बिचारा एकच म्हणत राहिला, "होता साहेब, होता." कोर्टाला तेच पटलं. माझा पक्षकार दोषी ठरला आणि शिक्षेची सुनावणी दोन दिवसांनी ठेवली.

त्याची बायको कोर्टाच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "हे आत गेले तं दोन पोरी घेऊन मी काय करू, साहेब?" सुचलं ते सिनियरांचंच. संध्याकाळी त्यांच्या गावी गेलो आणि विहार समितीच्या अध्यक्षांकडून पत्र लिहून घेतलं: दर रविवारी वंदनेस हजर असतात, पंचशीलाचे पालन करतात. बायकोनं ते वाचलं आणि माझ्याकडं पाहिलं.

"हे तं रविवारी झोपून रायते, साहेब."

"चालतं," मी म्हटलं. खरं सांगतो, मला त्या पत्राचा अभिमान वाटत होता. एवढी वर्षं सगळ्यांचे देव कोर्टात येऊन गेले, आता आमचंही काहीतरी येणार होतं.

न्यायाधीश बाई भाविक होत्या. सकाळी देवळात हात जोडून मगच त्या कोर्टात येतात, हे साऱ्या वकिलांना ठाऊक होतं. शिक्षेच्या दिवशी मी पत्र दिलं. त्यांनी ते नीट, शेवटपर्यंत वाचलं आणि परत केलं.

"वकीलसाहेब, मीही रोज पूजा करते. इथं येताना ती घरी ठेवून येते. उद्या देवळात, विहारात, कुठंच न जाणारा माणूस या पिंजऱ्यात उभा राहिला, तर त्याला काय जास्त शिक्षा देऊ?"

मी पत्राची घडी घातली. त्यांनी फाइल चाळली, दवाखान्याच्या कागदावर थांबल्या. "इथं लिहिलंय, पेशंटसोबत शेजारी. हा शेजारी कोण?" त्या आरोपीकडं बघत होत्या. आरोपी माझ्याकडं बघत होता. दोन वर्षं मी गप्प बसवलेला माणूस परवानगी मागत होता. मी कशीबशी मान हलवली.

"मीच नेलं मॅडम."

हात मोडलेला तो शेजारी मागच्या बाकावर होता. बाईंनी त्याला पुढं बोलावून विचारलं.

"हो, यानंच नेलं मले. ऑटोत सारा रस्ता रडून रायला होता."

"मग साक्षीत का नाही सांगितलं?"

"कोनी इचारलंच नाही, मॅडम. सारे एकच इचारत होते, हा तिथं होता का नोता. मी मनलं, होता."

कोर्टात कोणी हसलं नाही. सुटकेची एकमेव खरी गोष्ट पहिल्या दिवसापासून माझ्या हातात होती आणि ती मीच पुरून ठेवली होती. वर पत्र आणलं होतं, तेही खोटं.

बाईंनी त्याला तुरुंगात पाठवलं नाही. दोन वर्षं चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं. निकालाच्या कारणांत त्यांनी लिहिलं की आरोपीनं जखमीला स्वतः दवाखान्यात नेलं. पत्राचा त्यात उल्लेख नव्हता.

बाहेर त्याची बायको रडत होती. तो शेजारी चहाच्या टपरीवर उभा होता, त्याच्या हातात दोन कप होते. माझा पक्षकार तिकडं निघाला, पण चार पावलांवर थांबून मागं वळला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"साहेब," तो म्हणाला, "मी तं तुमाले पयल्याच दिवशी सांगतलं होतं."