बिनदाराचा बुरूज

गाडी थांबली की आमचे फोरमन आधी उतरायचे, कपाळावर आडवा हात धरायचे आणि आम्हाला बजावायचे, "इथूनच बघा. इथूनच झ्याक दिसतो."

समोर खजुरांच्या मळ्यात शोभेचा बुरूज. मळा आमच्या मालकाचा, म्हणजे अरबाबचा, अल ऐनच्या वाटेवर. बागेत काहीतरी जुनंपुराणं दिसावं अशी त्याला हौस आली आणि आमच्या या फोरमनने ती भागवली. टवके मुद्दाम उडवलेले, दार नाही, आत नुसती वाळू. शारजात नवा मराठी माणूस आला की शुक्रवारी त्याला बुरूजदर्शन सक्तीचं. गाडी माझी, त्यामुळे माझीही सुटका नव्हती.

"दार का नाही?" कोणी विचारलंच तर म्हणायचे, "अरबाबला नको होतं. खलास!"

असा एखादा तुमच्याही पाहण्यात असेल. बायको गावाकडे, हा इथे खाटेला खाट लागलेल्या खोलीत, आणि "पुढच्या वर्षी कायमचा जातो" हे दर वर्षी.

अखेर एका हिवाळ्यात वहिनी व्हिजिटवर आल्या, कराडजवळच्या गावाहून. सोन्याचा बाजार दाखवतो म्हटलं, तर म्हणाल्या, "आधी यांनी बांधलंय ते दाखवा." पिशवीत नारळ आणि हळदीकुंकू. नवऱ्याच्या हातच्या वास्तूचा उंबरा त्यांना पुजायचा होता. फोनवर बुरुजाचं कौतुक त्यांनी खूप ऐकलं होतं, दाराचं तेवढं सांगायचं राहिलं होतं.

"इथूनच बघ," ते म्हणाले. वहिनी ऐकतात कुठल्या! वाळूत चपला रुतवत त्यांनी बुरुजाला एक फेरी घातली, मग आणखी एक.

"अहो, उंबरा कुठाय?"

"नाही गं. शोभेचाय तो. आत कोणी राहत नाही."

वहिनींनी हळदीकुंकवाची पुडी पुन्हा बांधली. "आपल्या मागच्या दाराला मी अजून पत्रा आडवा लावते," एवढंच म्हणाल्या.

त्या बुरुजाला एक लाथ घालावी असं मला वाटत होतं.

त्यानंतर फोरमननी कोणाला तिकडे नेलं नाही. "यल्ला, चला, बुरूज बघायला?" मी एकदा छेडलं. "काय बघायचंय त्यात?" म्हणाले. "यंदा जातो. दार बसवतो."

यंदा ते गेले, पण पेटीतून. साइटवर छातीत कळ आली आणि संपलं. पेटीबरोबर मी गेलो. बाहेर गेलेल्याला घरात नेत नाहीत, म्हणून त्यांना अंगणातच ठेवलं. मागे कुठेतरी पत्रा वाऱ्याने वाजत होता.

वहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या. "पुढे ये गं," कोणीतरी म्हणालं.

त्यांनी मान हलवली. "इथूनच बघते."