तारीख घातलेल्या बरण्या

गजेंद्रला बाजारात बसायची लाज वाटायची. ही लाज त्याने घरातलं कुत्रं पाळावं तशी पाळली होती. तिला वेळेवर खायला घालायचा, तिच्या अंगावरून हात फिरवायचा.

केनवडला बाजार भरायचा त्या दिवशी त्याचा बाप चंपत गोणपाट अंथरून काकड्या, वांगी, मिरच्या मांडून बसायचा. आई कस्तुराबाई शेजारी तराजू धरायची. गजेंद्र पोती उतरवून द्यायचा आणि समोरच्या पानठेल्यावर जाऊन मोबाईल काढायचा. तिथवर बापाचा फाटका आवाज यायचा, 'घ्या कवळी काकडी, घ्या!' आणि गजेंद्र मान फिरवायचा, जणू कोणी अनोळखी माणूसच ओरडतो आहे. ठेल्यावरच्या सगळ्यांना तो कोणाचा पोरगा हे ठाऊक होतं. हे मान फिरवणं त्यांच्यासाठी नव्हतंच. ते तो स्वतःला करून दाखवायचा.

पुण्यात दोन वर्षं तो एका गोदामात खोकी मोजत होता. तिथून परत येताना त्याने 'कन्सेप्ट' हा एक शब्द आणला. बाकी काही आणलं नाही.

यंदा चंपतचा घसा बसला तो बसलाच. काढे झाले, मालेगावचा डॉक्टर झाला. मग एका सकाळी काकड्या तोडता तोडता चंपत म्हणाला, "दिवाळीनंतर तू बस बाजारात. माह्या गळ्यात आता काई राह्यलं नाही."

गजेंद्रने मान हलवली. पण त्या दिवसापासून तो सुटकेची वाट शोधू लागला, आणि अशा माणसांना वाट जिथे सापडते तिथेच त्याला सापडली, मोबाईलमध्ये. स्वच्छ नखांची एक मुलगी काकडीच्या पातळ चकत्या काचेच्या बरणीत भरत होती. वरून मीठ, साखर, मोहरी आणि गरम सिरका, म्हणजे व्हिनेगर, ओतून तिने बरणी फ्रिजमध्ये ठेवली. उद्या लोणचं तयार. तेल नको, ऊन नको, महिनाभर वाट पाहणं नको. गजेंद्रला ते फार आधुनिक वाटलं. ज्याला कशाचीच वाट पाहवत नाही त्याला वाट पाहायला न लावणारी प्रत्येक गोष्ट आधुनिक वाटते.

फ्रिज घरात होता. सुचिताच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, माहेरून आलेला. त्यात पाण्याच्या बाटल्या, कोथिंबीर आणि चंपतच्या डोळ्यांत घालायचं औषध एवढंच असायचं. गजेंद्रने एक बरणी घालून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी जेवताना आईच्या ताटात दोन चकत्या वाढल्या.

"हे काय होय?" कस्तुराबाईने विचारलं.

"लोणचं."

"काल त काकडी होती हे."

"काल टाकलं, आज तयार. हाच त कन्सेप्ट आहे, माय."

कस्तुराबाईने एक चकती चावली, तोंड वाकडं केलं. "काकडीले रातभर थंडी वाजली, एवढंच झालं. लोणचं जुनं होते, बाबू. हे नुसतं शिळं होईन. दोन दिवसात मरते पाह्य हे."

तिच्या आंब्याच्या लोणच्याची चिनी मातीची बरणी आतल्या खोलीत फडक्याने तोंड बांधून बसलेली असायची. तिसऱ्या वर्षाचा खार असला की कस्तुराबाई तो पाहुण्याला वाटीत वाढायची आणि वर्ष सांगायची. लोणच्याची किंमत ते किती टिकलं यावर, हे या घरात कोणी कोणाला शिकवलं नव्हतं. आईवर इतकं हसणाऱ्या गजेंद्रच्या हाडातही ते तितकंच मुरलेलं होतं. म्हणूनच 'दोन दिवसात मरते' हे त्याला लागलं.

त्याच आठवड्यात तो गिऱ्हाईक शोधायला शिरपूरला गेला. तिथे देवदर्शनाला येणाऱ्या जैन यात्रेकरूंसाठी एक बाई खाणावळ चालवत होती. तिला रोजच्या पंगतीला काहीतरी आंबट हवं होतं. तिने अटी सांगितल्या. कंदमूळ नको, म्हणजे गाजर-मुळा-आलं नको. कांदा-लसूण नको. सिरका नको, लिंबू चालेल. "नमुना घेऊन या. पसंत पडलं तर रोजचंच सांगते."

गजेंद्रने सगळं मोबाईलमध्ये लिहून घेतलं. आणखी काही विचारलं नाही. यात्रेकरूंच्या बसगाड्या येताना-जाताना पाहत तो मोठा झाला होता, म्हणजे त्याला जैनांचं सगळं ठाऊक होतं. अर्धवट ठाऊक असणारा माणूस कधी प्रश्न विचारत नाही.

घरी येऊन त्याने चौदा बरण्या घातल्या. काकडी, ढोबळी मिरची, कच्ची पपई, हिरवी मिरची, मीठ, लिंबाचा रस. फ्रिजमधल्या पाण्याच्या बाटल्या बाहेर आल्या. चंपतचं औषध माठाजवळ गेलं. प्रत्येक बरणीवर कागद चिकटवून त्याने मार्करने ठसठशीत तारीख घातली. आणि नमुना न्यायचा सोडून ठेवून दिला.

"तुमी ताजंच काहून नाही नेत?" सुचिताने विचारलं.

"ताजं कोणीबी नेते."

रोज सकाळी तो फ्रिज उघडायचा आणि आईला हाक मारायचा. "माय, पाह्य. पाचवा दिवस. मेलं का?"

"फ्रिजाले हात लावून सांग, थोच मरून राह्यला."

लाईट गेली की गजेंद्र फ्रिजला ओलं गोणपाट गुंडाळायचा. ज्या गोणपाटावर बसायची त्याला लाज वाटायची तेच. सातवा दिवस झाला. नववा झाला. काकडी कुरकुरीत राहिली. बाराव्या दिवशी कस्तुराबाईने एक चकती खाल्ली आणि काही बोलली नाही. न बोलणं म्हणजे हरणं असा त्याने अर्थ घेतला. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, चौदाच्या चौदा बरण्या खोक्यात भरून तो शिरपूरच्या बसमध्ये बसला.

खाणावळीच्या बाईने एक बरणी उचलली, उजेडात धरली. "रंग छान राहिलाय. ही तारीख कशाची?"

"घातली त्या दिवसाची. बारा दिवस झाले, ताई. जसंच्या तसं हाये."

तिने झाकणावरचा हात काढला. "बारा दिवस?"

गजेंद्रला वाटलं, बाई थक्क झाली. "अजून बारा आरामात टिकते. गॅरंटी."

"अहो, न वाळवलेलं लोणचं आमच्यात चोवीस तासांच्या पुढे चालत नाही. फ्रिजमध्ये ठेवा नाहीतर कुठेही ठेवा." ती हसली. हसण्यात राग नव्हता, हे त्याला जास्त लागलं. "बरं झालं, तारीख लिहिलीत. नाहीतर मी वाढून बसले असते. आता असं करा. रोज सकाळी करायचं, दुपारच्या पंगतीला पोचवायचं. जमेल? चव चांगली असेल तर मला रोज हवंय."

त्याला जे हवं होतं ते त्याच्यासमोर ठेवलेलं होतं. हात पुढे करायचा, एवढंच होतं. पण बारा दिवस तो ज्या गोष्टीशी भांडला होता तीच गोष्ट त्याच्या तोंडून बाहेर पडली.

"सकाळचं दुपारी? मंग थे लोणचं कायचं? थे त नुसती काकडी झाली."

हे वाक्य आईचं होतं. त्याला कळलं नाही. त्याने खोकं उचललं.

घरी त्याने सांगितलं की त्या लोकांना कन्सेप्ट समजत नाही. सुचिताने नेमकं काय बोलणं झालं ते दोनदा विचारलं. मग त्याच्याच मोबाईलमधून नंबर काढून बाईला फोन लावला आणि उद्यापासून देतो म्हणून सांगून टाकलं.

"आपुन वावरात भाकरीसंग खातो, थेच त मांगून राह्यली थे बाई," कस्तुराबाई म्हणाली. काकडी चिरायची, मीठ-मिरची-लिंबू हाताने चोळायचं, बांधावर बसून खायचं. जन्मभर तिने त्याला नाव दिलं नव्हतं. आता गिऱ्हाईक मिळाल्यावर त्याला लोणचं म्हणायला तिची जीभ जराही अडखळली नाही. तिसऱ्या वर्षाच्या खाराचा तिचा मोठा अभिमानही शेवटी एवढाच होता.

सासू-सून पहाटे उठून चिरायला बसू लागल्या. आठला स्टीलचा डबा शिरपूरकडे जाणाऱ्या काळीपिवळी जीपच्या ड्रायव्हरजवळ जाऊ लागला. चौदा बरण्या फ्रिजमध्ये तशाच उभ्या होत्या. त्या गजेंद्र एकटाच खायचा, रोज, दोन्ही वेळेला, दातओठ खाऊन.

दिवाळी झाली. पहिल्या बाजाराच्या दिवशी कस्तुराबाई म्हणाली, "मले वेळ नाही. काकड्या चिराच्या हायेत." सुचितालाही नव्हता. चंपतने तराजू धरला. गोणपाटावर, बापाची जागा होती तिथे, गजेंद्र बसला.

एक तास तो गप्प बसून होता. गिऱ्हाईक पलीकडच्या ढिगाकडे जात होतं. ऊन चढलं. चंपत त्याच्या कानाशी वाकला. त्याच्या गळ्यातून आता नुसती हवा यायची.

"वरड ना, पोट्ट्या. काकड्या मान टाकून राह्यल्या."

गजेंद्र ओरडला. "घ्या कवळी काकडी, घ्या!"

आवाज मोठा निघाला. खणखणीत, बापाचा तरुणपणीही नसेल असा. दोन बाया थांबल्या, पिशव्या उघडल्या. समोर पानठेल्यावरच्या माना वळल्या. तिथे आवाज कसा पोचतो ते गजेंद्रला नीट माहीत होतं. वर्षानुवर्षं तो तिथे उभा राहिला होता.

"आजचीच हाये ना?" एका बाईने काकडी दाबून पाहत विचारलं.

"सकाळी तोडली," गजेंद्र म्हणाला, आणि पुन्हा ओरडला.