माझ्या नावाचा रोट

साक्रीच्या पुढे, डोंगराच्या कडेला आमचं गाव. जळगावला नोकरीवर रुजू व्हायला मी निघालो त्या सकाळी आबा, म्हणजे माझे वडील, माझी पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन फाट्यापर्यंत आले. मी त्यांच्या पुढे रिकाम्या हातांनी चालत होतो. पेटी उचलली तर नव्या शर्टाची इस्त्री मोडेल, ही माझी काळजी. धुळ्याची एसटी आली. आबांनी पेटी टपावर चढवली, खाली उतरून धोतराच्या सोग्याने मान पुसली आणि खिडकीपाशी येऊन म्हणाले, "नोकरी नीट कर. पन कानबाईले येत जाजो." मी मान हलवली. इतकं सोपं वचन मी आयुष्यात दुसरं दिलं नसेल.

गावी राहिलेल्यांसाठी हे लिहितो आहे. माझ्यासारखे जे शहरात निघून गेले, त्यांच्यासाठीही. छत्तीस वर्षं मी तुम्हा सगळ्यांना एक खोटं सांगत आलो. ते आता काढून टाकायचं आहे.

श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला नथ घालून, साडी नेसवून चौरंगावर बसवतात. भाऊबंद जिथे असतील तिथून त्या रविवारी घरी येतात. पहिल्या वर्षी मी गेलो. दुसऱ्या वर्षी गेलो नाही. 'साहेबांनी रजा नाकारली' असं पोस्टकार्ड टाकलं. तिसऱ्या वर्षी तेच. पुढे फोन आले, तेव्हा तेच वाक्य फोनवर. साहेब बदलत गेले, एकाची बदली झाली की दुसरा यायचा. गावात मात्र मी एकच साहेब कायमचा बसवून ठेवला होता, दुष्ट, बिनकाळजाचा. माय हयात होती तोवर त्याला शिव्या द्यायची. "त्या साहेबले पोरेसोरे शेतस का नही?" आबांच्या तेराव्याला मी गेलो तेव्हा माझा थोरला भाऊ, नाना, मांडवात सगळ्यांना सांगत होता, "आते तरी सोडं बरं त्याले साहेबनी."

रजा कोणीच नाकारली नव्हती. मला जायचंच नव्हतं. गावाहून आलो की कपड्यांना आठवडाभर चुलीचा धूर येतो म्हणून नको होतं. तिथे दोन दिवस राहिलं की माझ्या तोंडात आमच्या बोलीतले 'शे' आणि 'बठ्ठा' परत येत, आणि कचेरीत ते चुकून निसटले की टेबलापलीकडून कोणी हसे, म्हणून नको होतं. जळगावातच मेहरूणकडे घर बांधल्यावर नाना एकदा आला होता. सोफ्यावर पाय वर घेऊन बसला आणि मोठ्याने बोलू लागला, तेव्हा मी उठून खिडकी लावली. शेजारी ऐकतील म्हणून. आज ती खिडकी लावणारा हात आठवला की मला शिसारी येते.

आणि ज्यांचं नाव मी खराब केलं ते साहेब? माझे पहिले साहेब फार सरळ माणूस. श्रावण लागला की स्वतःहून विचारायचे, "सण आहे ना तुमच्याकडे? जाऊन या दोन दिवस." तिसऱ्या वर्षी, त्यांनी पुन्हा विचारू नये म्हणून, मी म्हणालो, "घरी आता कोणी राहिलं नाही, साहेब." त्यांचा चेहरा पडला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, मला चहा पाजला. आबा त्या वेळी जिवंत होते. मायही. तो चहा मी पूर्ण प्यायलो.

आता रोटाचं सांगतो, म्हणजे हे सगळं किती घाण आहे ते कळेल. कानबाईच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू आणि डाळ काढतात. माणूस हजर असो नसो, त्याची मूठ पडतेच. ते दळून जाड पोळ्यांसारखे रोट होतात, आणि ते घरच्यांनीच संपवायचे. बाहेरच्याला द्यायचे नाहीत, जनावराला घालायचे नाहीत, टाकायचे तर नाहीतच. चार दिवस लागोत, आठ लागोत. म्हणजे दर श्रावणात माझ्या नावाची मूठ पडत होती, आणि माझा वाटा दुसरं कोणीतरी शिळा चावत होतं. मला हे ठाऊक होतं. मी त्यावर कधी विचार केला नाही, एवढंच.

सगळ्यांना सांगायचो, रिटायर झालो की गावी. निवृत्तीची मी वाट पाहत होतो. त्या एका तारखेला माझं खोटं आपोआप संपेल, कोणाला पत्ताही न लागता, असा माझा हिशोब.

निरोप समारंभाला नाना आला. पांढरी टोपी, कडक धुतलेलं धोतर, पहिल्या रांगेत. आणि कचेरीतल्या पोरांनी मला आनंद व्हावा म्हणून माझ्या त्या पहिल्या साहेबांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं. काठी टेकत आले. माइकसमोर उभे राहून कौतुकाने म्हणाले, "असा कारकून होणे नाही. मी स्वतः म्हणायचो, अरे जा, सणाला जा. पण हा जायचाच नाही!" टाळ्या पडल्या. मी नानाकडे पाहिलं. तोही टाळ्या वाजवत होता, जरा सावकाश.

स्टँडवर त्याला सोडायला गेलो. गाडी लागली. चढताना म्हणाला, "तुन्हा साहेब भला मानूस दिसस, आप्पा."

त्यानंतरचे महिने कसे गेले विचारू नका. सकाळी साडेनऊला दाढी करून, भांग पाडून मी दारात उभा. बायको विचारायची, "अहो, कुठे निघालात?" मी चपला परत काढून ठेवायचो. मेहरूण तलावावर फिरायला जाऊ लागलो. तिथे माझ्यासारखेच दहा-बारा, सगळे माजी. माजी अमुक, माजी तमुक. प्रत्येक जण आपल्या जुन्या खुर्चीची गोष्ट सांगणार, दुसरा ती संपायची वाट पाहणार, आपली सुरू करायला. मग साखर किती, गोळी कोणती. मला त्यांचा वीट आला, आणि आठवड्याभरात मीही माझ्या खुर्चीची गोष्ट सांगू लागलो. पेन्शनच्या कागदाचं निमित्त काढून कचेरीत गेलो. माझ्या जागेवरची मुलगी म्हणाली, "काका, बसा ना," आणि कामाला लागली. तासभर बसलो. शेवटी शिपाई हळूच म्हणाला, "भाऊ, आता आराम करा." ज्या जागेसाठी मी इतकी वर्षं घर नाकारलं, त्या जागेला मी दुपारपर्यंतही नको होतो.

श्रावणात गावी गेलो. सांगायला आता साहेब उरला नव्हता.

रोटाचे गहू काढायला घरातले सगळे जमले. माझं नाव आलं तेव्हा वहिनीने सवयीने सुपाकडे हात नेला. नाना म्हणाला, "राहू दे. यंदा आप्पानी मूठ आप्पाच भरी."

वहिनी हसली. "भरता येस का त्यास्ले? पेन धरेल हात!"

सगळे हसले, मीही. मूठ भरली, अर्धे दाणे बोटांतून सांडले.

सोमवारी कानबाई नदीत शिरवली, म्हणजे विसर्जन झालं. संध्याकाळपर्यंत धुळ्याचे, सुरतचे भाऊबंद परतले. मीही पिशवी भरली. नाना दारात उभा होता. "कोठे चालना? रोट सरनात नही आजून."

मग मी बोललो. साहेबाने कधीच नाही म्हटलं नव्हतं, मीच येत नव्हतो, असं स्पष्ट.

"आयकं ना मी त्या दिन," नाना म्हणाला. तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त विचारलं, "तुन्हा वाटाना रोट कोन खाये, माहीत शे?"

मला वाटलं होतं, तोच.

"आबा. कोनले हात लावू दे नही. दात नव्हतात, दूधमा भिजाडीसन खाये. म्हने, मन्हा पोर कामवर शे, त्यान्हा वाटा मी सरावस."

पिशवी मी खुंटीला टांगली. मंगळवारी रोट कडक झाले, बुधवारी त्यांना आंबूस वास यायला लागला. वहिनीला दया आली. "शेकी देसू का?" नाना म्हणाला, "नको. शिया खाऊ दे." मी शिळेच खाल्ले. घास तोंडात फिरायचा, पाण्याबरोबर ढकलायचो. आणि ती किळस रोटाची नव्हती, हे मला चांगलं कळत होतं. जळगावहून बायकोचा फोन आला, किती दिवस म्हणून. म्हटलं, सरेपर्यंत.

गुरुवारी सकाळी शेवटचा रोट संपला. वाटलं, आता मोकळा झालो. पण एक गोष्ट राहिलीच होती, ती साहेबांनीही भाषणात सांगितली नव्हती. ती लपवून इथे राहायचं म्हणजे नव्या खोट्यावर अंथरूण घालायचं. म्हणून नानाला चहाचं सांगितलं. घरी कोणी राहिलं नाही, असं मी आबा जिवंत असताना म्हणालो होतो, ते.

नाना ओसरीवरून उठला. मग विळा घेतला आणि शेतात गेला. दुपारी जेवायला आला नाही.

संध्याकाळी ताटं वाढली. आमच्या घरात घरचे सगळे जमिनीवर बसून जेवतात, पाट फक्त पाहुण्याला, लहानपणापासून तसंच. मी भिंतीपाशी बसायला लागलो, तेवढ्यात नाना वहिनीला म्हणाला, "पाव्हनाले पाट दे."

वहिनी थबकली. तिने कोपऱ्यातला पाट आणला, पुसला, माझ्यासमोर ठेवला. मी त्यावर बसलो. माझ्या बापाच्या घरात.

तुम्ही म्हणाल, निघून जायचं. नाही गेलो. श्रावण संपत आला, मी अजून इथेच आहे. सकाळी नानाबरोबर बांधावर जातो, त्याला माझा उपयोग नाही, पण तो परत जा म्हणत नाही. दोन्ही वेळा पाट मांडला जातो, दोन्ही वेळा मी मुकाट त्यावर बसतो. जे निघून गेलेत आणि मनात ठरवून आहेत की रिटायर झालो की घरी, त्यांना एवढंच सांगतो, घर तिथेच आहे. मला ते अगदी जवळून दिसतं. पाटापासून जमीन फक्त दोन बोटं खाली आहे.